ऑफिसनं आपल्याला बसवलं कसं?

आजचा भाग शक्य असेल तर चालता चालता ऐका. बसमध्ये उभे असाल तर अजूनच उत्तम. आणि वाचत असाल तर निदान मधे एकदा तरी उठा. आजचा विषयच तो आहे.

मी स्वतः बसून काम करणारा माणूस. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी बुटाची लेस बांधायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की पाच मिनिटं तसाच वाकलेला राहिलो. वय वर्षं अठ्ठावीस. फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेल्यावर मी त्यांना माझ्या ऑफिसच्या खुर्चीबद्दल सांगायला लागलो. उंची किती, पाठीला आधार कुठे, हात टेकायला काय. त्यांनी मधेच थांबवलं. म्हणाल्या, "खुर्चीचं राहू दे. ऑफिसात गेल्यावर तू जागेवरून उठतोस कशासाठी, तेवढं सांग."

मी बोटं मोजायला लागलो. जेवायला. चहाला, दोनदा. वॉशरूमला. पुढे काही सुचेना. मीटिंग असतात, पण त्या स्क्रीनवर. आमच्याकडे रोज सकाळी 'स्टँडअप' नावाची मीटिंग असते. तिचं नाव तसं पडलं कारण ती उभं राहून करायची, म्हणजे लवकर आटपते. आम्ही ती बसून करतो. कुणालाच यात काही विचित्र वाटत नाही.

घरी येऊन मी ऑफिसच्या खुर्च्यांचा इतिहास वाचायला घेतला आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की खुर्ची हा त्यातला लहानसा भाग आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत ऑफिस बांधणाऱ्यांनी एक काम फार मन लावून केलंय. माणसाला जागेवरून उठायची जी जी कारणं होती, ती एकेक करून काढून टाकली. काही मुद्दाम, काही सोय म्हणून. मधे एका माणसानं ती परत आणायचा प्रयत्न केला. त्याचं काय झालं, ही आजची मुख्य गोष्ट.

पण आधी जरा मागे जाऊ.

आपल्याकडे काम करायची जागा म्हणजे 'बैठक'. जुन्या पेढीवर पांढरी गादी, मागे लोड, समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमध्ये कापडाच्या व्यापाऱ्यांचे व्यवहार अशाच गाद्यांवर बसून होत आले. पेशव्यांच्या फडातले कारकूनही जमिनीवर बसूनच मोडी लिहायचे. हे सगळं आरोग्यदायी होतं वगैरे मी म्हणणार नाही. दिवसभर वाकून लिहिणाऱ्याची पाठ कुठेही बसला तरी दुखणारच. पण जमिनीवर बसणाऱ्यावर शरीराची एक सक्ती असते. पाय आखडतात. मग मांडी मोडून एक गुडघा उभा करावा लागतो, नंतर दुसरा, मग लोडाला टेकावं लागतं. आणि उठायचं म्हटलं की अख्खं शरीर कामाला लागतं. खुर्चीत ही कटकट नाही. खुर्ची हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, आणि ती मानाची वस्तू. अजूनही 'खुर्ची गेली' म्हणजे लाकडी सामान गेलं असं कुणी समजत नाही.

तिकडे युरोपात आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातलं ऑफिस म्हणजे दोन-चार माणसांची खोली. डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मधला बॉब क्रॅचिट आठवतोय? असाच एका छोट्या कार्यालयातला कारकून. त्या काळातल्या कारकुनांची डेस्क उंच आणि उतरती असायची. समोर उभं राहून लिहायचं, नाहीतर उंच स्टुलावर टेकायचं. आणि कारकुनाला नुसतं लिहायचं नसायचं. पत्राची नक्कल करा, बँकेत जा, टपाल टाकून या, शेगडीत कोळसा घाला. काम कंटाळवाणं, पगार तुटपुंजा, पण दिवसभर ऊठबस.

मग रेल्वे कंपन्या आल्या, विमा कंपन्या आल्या, घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्या आल्या. दोन-चार कारकुनांच्या जागी शेकडो लागायला लागले. १८७४ मध्ये रेमिंग्टनचा टाइपरायटर बाजारात आला. टाइपरायटर हा फार मोठा फरक होता. वही उचलून खिडकीपाशी नेता येते, टाइपरायटर नाही. पहिल्यांदाच लिहिणारा माणूस एका यंत्रासमोर एकाच उंचीवर अडकला. 'लिहिणारा' म्हणतोय, पण पुढे हे काम बहुतेक करून बायकांकडे आलं.

आता अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जाऊ. लार्किन नावाची साबण कंपनी. टपालाने ऑर्डर घ्यायची आणि माल पाठवायचा, म्हणजे आजच्या भाषेत ऑनलाइन शॉपिंगची पणजी. तिच्या मुख्य कचेरीची इमारत फ्रँक लॉइड राइटनं बांधली, १९०६ मध्ये ती पूर्ण झाली. राइट म्हणजे अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध वास्तुविशारद. मधोमध छतापर्यंत उघडा चौक, वरून प्रकाश, बाजूने मजल्यामजल्यावर रांगेत बसलेले कारकून. भिंतींवर कोरलेले शब्द होते: बुद्धी, उत्साह, नियंत्रण. (आमच्या ऑफिसच्या भिंतीवरही असे तीन शब्द आहेत. सव्वाशे वर्षांत फॉन्ट तेवढा बदलला.)

राइटनं नुसती इमारत केली नाही, आतलं लोखंडी फर्निचरही केलं. त्यातल्या एका डेस्कला खुर्ची चक्क जोडलेली होती. एका आडव्या दांड्याने डेस्कला टांगलेली, बिजागरीवर आतबाहेर फिरणारी. माणूस नसला की ती आत ढकलायची, म्हणजे झाडूवाल्याला फरशी सलग पुसता येते. कल्पना हुशार आहे. फक्त बसणाऱ्याला खुर्ची दोन बोटंही मागे घेता येत नाही, जरा तिरकी करून शेजारणीकडे वळता येत नाही. फरशीची सोय बघितली, माणसाची राहिली.

राइटचा आणखी एक किस्सा सांगतो. पुढे विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी जॉन्सन वॅक्स कंपनीसाठी त्यानं ऑफिस बांधलं, १९३९ मध्ये ते उघडलं. कमळाच्या पानासारखे वर पसरत जाणारे खांब असलेलं ते दालन आजही लोक बघायला जातात. तिथे त्यानं तीन पायांच्या खुर्च्या दिल्या. दोन्ही पाय नीट जमिनीवर टेकून ताठ बसलात तर ठीक, जरा कलंडलात की पडलात. म्हणजे बसायची शिस्त खुर्चीच लावणार. टायपिस्ट बायका पडायला लागल्या. असं सांगतात की मालकानं एकदा राइटलाच त्या खुर्चीत बसवलं आणि महाशय स्वतः आडवे झाले, मग चौथा पाय आला. खरं-खोटं असो, चौथा पाय आला एवढं नक्की.

पण खरा खलनायक राइट नव्हे. तो बिचारा निदान सुंदर तरी करत होता. माझ्या मते बसण्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे विल्यम हेन्री लेफिंगवेल, आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

फ्रेडरिक टेलरचं नाव तुमच्यापैकी इंजिनीअरिंग किंवा एमबीए केलेल्यांनी ऐकलं असेल. स्टॉपवॉच घेऊन कारखान्यातल्या कामगाराची हालचाल मोजायची, फालतू हालचाल काढून टाकायची. त्याचं पुस्तक १९११ चं. लेफिंगवेलनं हेच तंत्र कारखान्यातून उचलून ऑफिसात आणलं, १९१७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपोआप सरकला पाहिजे, कारकून जागेवरून उठता कामा नये. उठला म्हणजे वेळ वाया गेला.

त्याचा पाण्याचा हिशोब आहे, तो ऐकाच. समजा पाणी प्यायची जागा प्रत्येक कारकुनापासून सरासरी शंभर फुटांवर आहे. तर सगळे कारकून मिळून वर्षभरात नुसतं पाणी प्यायला पन्नास हजार मैल चालतील. पन्नास हजार मैल! म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. मालकाच्या पगारावर.

आकडा ऐकून मालकांचे डोळे पांढरे झाले असणार. पण हा हिशोब होता हजार कारकुनांचा. मी कॅल्क्युलेटर काढला. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर एका माणसाच्या वाट्याला दिवसाला पावणेतीनशे मीटरही येत नाहीत. म्हणजे साधारण तीन-सव्वातीन मिनिटांचं चालणं. दिवसभरात. एवढ्यासाठी पाणी जवळ आणायचं. लक्षात घ्या, इथे कुणी दुष्टपणा करत नाहीये. कारकुनालाही वाटलं असेल, बरं झालं, पाणी हाताशी आलं. अशीच एकेक गोष्ट हाताशी येत गेली. निरोप न्यायला पोरं ठेवली, कागद न्यायला नळ्या बसवल्या, मग टेलिफोन आला.

आणि मग आम्ही आलो. आम्ही म्हणजे सॉफ्टवेअरवाले.

माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एका ऑफिससाठी मंजुरीची सिस्टीम केली होती. आधी तिथे फाईल तीन मजले फिरायची. या साहेबांची सही, मग वर, मग परत खाली, मधे रेकॉर्ड रूम. आम्ही ती स्क्रीनवर आणली. डेमो झाल्यावर तिथल्या एक वयस्क क्लार्क बाई खूश होऊन म्हणाल्या, "बाळा, फार छान केलंस हो. आता उठायचं कामच राहिलं नाही." मी ते वाक्य कित्येक दिवस कौतुक म्हणून मिरवत होतो. त्यांच्यासाठी ते कौतुकच होतं, जिने चढून त्यांचे गुडघे गेले होते. पण त्याच इमारतीत पंचविशीतली पोरंही होती. आम्ही त्यांचेही जिने काढून टाकले.

उठण्याचं कारण गेलं तर काय होतं, हे पहिल्यांदा नीट मोजलं ते लंडनमध्ये, तेही ऑफिसात नव्हे तर बसमध्ये. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार का वाढतोय, हे ते शोधत होते. त्यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती तपासली. लंडनची बस दोन मजली. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, बेस्टची डबलडेकर १९३७ पासून होतीच. एकाच बसमध्ये, एकाच रस्त्यावर, एकाच धुरात दोन माणसं काम करतात. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला: कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य.

लगेच शंका आली. कदाचित जाडजूड माणसंच ड्रायव्हर व्हायला जात असतील? मॉरिसना ही शंका स्वतःलाही होती. त्यांनी काय केलं, तर गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कमरेची मापं ताडून बघितली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच जास्त निघाल्या, अगदी तरुण वयापासून. म्हणजे शंकेत तथ्य होतं. पण पोस्टखात्यात बघितलं तेव्हाही कल तोच दिसला. एकीकडे पायी नाहीतर सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन, दुसरीकडे टेबलावरचे कारकून आणि टेलिफोनवाले. पोस्टमन फायद्यात. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले. हा पुरावा नव्हे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

मला या अभ्यासात आवडतं ते हे, की कंडक्टर काही व्यायाम करत नव्हता. त्यानं कुठला संकल्प सोडला नव्हता. जिना बसमध्येच होता आणि तिकिटाचे पैसे वरच्या मजल्यावर होते, म्हणून तो चढत होता.

आता रॉबर्ट प्रॉपस्ट. आजचा नायक. नाव लक्षात ठेवा, कारण बदनाम तो एका भलत्याच गोष्टीसाठी आहे.

प्रॉपस्ट मूळचा कोलोरॅडोचा. शिल्पकार, चित्रकला शिकवणारा, आणि सतत काहीतरी शोध लावणारा माणूस. फर्निचर करणारी हर्मन मिलर नावाची मिशिगनमधली कंपनी, तिनं १९६० मध्ये त्याला आपल्या संशोधन विभागाचा प्रमुख केलं. अपेक्षा होती फर्निचर सोडून दुसरं काहीतरी शोधेल. पण तो फिरून फिरून ऑफिसवरच आला. डॉक्टरांना भेटला, मानसशास्त्रज्ञांना भेटला, लोक टेबलावर कागद कसे पसरतात हे बघत बसला. त्याचं म्हणणं होतं की डोक्यानं काम करणाऱ्या माणसाला दिवसभर एका जागी बसवणं म्हणजे त्याचं डोकं बंद पाडणं. शरीर हललं की विचार हलतात.

१९६४ मध्ये त्याच्या कल्पनेवरून 'ॲक्शन ऑफिस' बाजारात आलं. प्रत्यक्ष आरेखन जॉर्ज नेल्सनचं, तोही मोठा डिझायनर. त्यात काय नव्हतं! एक टेबल बसायच्या उंचीचं. दुसरं उभं राहून काम करायचं. त्यावर सरकतं झाकण, म्हणजे अर्धवट काम तसंच ठेवून घरी जाता येईल, आवरायला नको. टेकायला एक उंच स्टूल, ना धड बसणं ना धड उभं राहणं. फोनसाठी वेगळी जागा. म्हणजे फोन आला की उठा, वाचायचंय तर इकडे या, लिहायचंय तर तिकडे जा. एकाच माणसाला तीन-चार जागा, आणि त्यांच्यामध्ये फिरण्याचं कारण फर्निचरमध्येच घातलेलं. लंडनच्या बसमधला जिना त्यानं ऑफिसात आणला म्हणा ना. (हे माझं म्हणणं, त्याचं नव्हे.)

डिझाइनवाल्यांनी डोक्यावर घेतलं. कंपन्यांनी घेतलं नाही. महाग होतं, दिसायला भारी होतं, आणि मुख्य म्हणजे एका कारकुनाला एवढी जागा देणार कोण?

प्रॉपस्ट परत कामाला लागला. १९६८ मध्ये दुसरी आवृत्ती आली. या वेळी भारी लाकूड-ॲल्युमिनियम नाही. हलकी, उभी पॅनल्स. ती एकमेकांना जोडायची आणि त्यांच्यावर टेबलाच्या फळ्या, कपाटं टांगायची. फळी पाहिजे त्या उंचीवर लावा, उभ्या कामासाठीही. पॅनल १२० अंशांत जोडा, म्हणजे जागा मोकळी आणि फाकलेली राहते, पुढून उघडी. काम बदललं की ऑफिस बदला. लेगोसारखं.

इथून पुढची गोष्ट सॉफ्टवेअर करणाऱ्या कुणालाही नवी नाही. तुम्ही वीस सेटिंग देता, गिऱ्हाईक एकच वापरतं. कंपन्यांच्या लक्षात आलं की ही पॅनल ९० अंशांत जोडली तर चौकोन होतो, आणि चौकोनाला चौकोन लावला की एका मजल्यावर कितीतरी जास्त माणसं मावतात. त्यात अमेरिकेचे करनियमही मदतीला आले. भिंत इमारतीचा भाग, तिचा घसारा वर्षानुवर्षं. पॅनल म्हणजे फर्निचर, त्याचा घसारा झटपट. म्हणजे भिंतीऐवजी पॅनल लावा आणि कर वाचवा. फळ्या एकाच उंचीवर गेल्या, बसायच्या. उभ्याचं टेबल गेलं. टेकायचं स्टूल गेलं. उरली तीन बाजूंनी कापडी भिंत आणि मधे एक खुर्ची. तेच क्युबिकल. डिल्बर्टची कार्टून ज्यावर चालतात ते.

आणि या खोक्यातून उठून जाणार कुठे? आधीच्या मोठ्या हॉलमध्ये निदान समोरचा दिसायचा. आता उठलं की सगळ्यांना फक्त डोकं दिसतं, म्हणून लोक उठेनासे झाले. नेल्सननं दुसऱ्या आवृत्तीपासून अंग काढून घेतलं होतं. १९७० मध्ये त्यानं हर्मन मिलरच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पत्र लिहून कळवलं, की कमी जागेत जास्तीत जास्त देह कोंबू पाहणाऱ्यांना ही रचना फार आवडेल. शब्द माझे, पण विखार त्याचाच. प्रॉपस्ट मात्र बरीच वर्षं आपल्या कल्पनेची बाजू घेत राहिला. आयुष्याच्या शेवटी शेवटी एका मुलाखतीत त्यानंही कबूल केलं की कंपन्यांनी जे चालवलंय तो शुद्ध वेडेपणा आहे. २००० मध्ये तो गेला. नावापुढे चिकटलं काय, तर 'क्युबिकलचा जनक'.

मला त्याची दया येते, पण थोडा रागही येतो. आपली वस्तू विकत कोण घेणार आहे, हे त्याला माहीत होतं. त्यात बसणारा ती विकत घेत नव्हता. घेणारा वेगळाच होता, आणि त्याला चौरस फुटांची काळजी होती. उभं राहायचं टेबल ही जर 'पाहिजे तर लावा' गोष्ट ठेवली, तर लावणार कोण?

त्याच हर्मन मिलरनं १९९४ मध्ये जाळीची एरॉन खुर्ची आणली. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी केलेली. तुम्ही आज ज्या जाळीच्या खुर्चीत बसता, ब्रँड कुठलाही असो, ती बहुतेक तिचीच नात. या खुर्चीमागचा अभ्यास सुरू झाला होता वृद्धांसाठी. तासन् तास एकाच खुर्चीत बसून राहणारी म्हातारी माणसं, फोममुळे अंग तापतं, जखमा होतात, त्यांच्यासाठी काहीतरी करू म्हणून. ती वृद्धांची खुर्ची बाजारात आली नाही. त्यातलं शहाणपण मात्र जाळीच्या रूपानं आलं आणि जाऊन पोचलं कुणाकडे, तर सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या पंचवीस वर्षांच्या पोरांकडे. वाईट खुर्ची निदान टोचते, मग माणूस उठतो. हिनं तेही कारण काढून घेतलं.

इथे कुणीतरी म्हणेल, एवढं बसण्याच्या नावानं ओरडतोस, तर उभं राहून बघ. बरोबर आहे. दुकानात काम करणाऱ्या बायकांनी हे फार आधी सांगितलंय. इंग्लंडमध्ये १८९९ मध्ये खास कायदा करावा लागला, की दुकानात दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे निदान एक आसन असलंच पाहिजे. आणि हे फार जुनं आहे असं वाटत असेल तर केरळ बघा. कोझिकोडमधल्या कापडदुकानांत विकणाऱ्या बायकांना दिवसभर बसायची परवानगी नव्हती, गिऱ्हाईक नसलं तरी. भिंतीला टेकलं तरी ओरडा बसायचा. त्यांनी संघटना केली, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१८ मध्ये केरळनं दुकानांचा कायदा बदलून त्यांना बसायचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही दिला. त्यांच्या पायांच्या फुगलेल्या शिरा आणि माझी कमरेतली उसण, दोन्ही एकाच ठिकाणाहून आल्यात असं मला वाटतं. शरीराला कधी काय हवंय हे शरीराच्या मालकानं ठरवलेलं नाही.

युरोपात यावर थोडं काम झालंय. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी १९९० मध्ये तिथे जो नियम झाला, त्यात खुर्चीची उंची बदलता आली पाहिजे हे तर आहेच, पण कामाची आखणीच अशी करा की स्क्रीनसमोरचं काम अधूनमधून थांबेल किंवा बदलेल, ही जबाबदारी मालकावर टाकलीय. घड्याळ मनगटावर थरथरलं की मी उठायचं, हे वेगळं. त्यात चूक माझीच ठरते. 'आळशी आहेस, उठत नाहीस.'

घाबरवायचं नाहीये. बसणं म्हणजे नवं धूम्रपान वगैरे जे फॉरवर्ड येतात, ते अतिशयोक्त आहेत. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्र आढावा आला. रोज तास-सव्वा तास मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये जास्त बसण्याचा धोका जवळजवळ दिसत नाही, असं त्यात निघालं. चांगली बातमी आहे. पण रोज जाऊनयेऊन तीन तास ट्रॅफिकमध्ये, तेही बसून, काढणाऱ्याला हा सव्वा तास कुठून आणायचा, हे त्यात नाही.

आता माझ्या ऑफिसात काय चाललंय ते सांगतो आणि थांबतो. आमच्या मजल्याचं नूतनीकरण होणार आहे. मागच्या महिन्यात आराखडा आला, सोबत सूचनांचा फॉर्म. आराखड्यात लिहिलंय, 'कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी प्रत्येक रांगेजवळ पाण्याचा कूलर.' सध्या एकच आहे, मजल्याच्या टोकाला, पॅन्ट्रीत. मला लेफिंगवेल आठवून हसू आलं. मी लगेच फॉर्म भरला: कूलर आहे तिथेच राहू द्या, उठायला एक कारण राहील. टीमच्या ग्रुपवरही टाकलं, लेफिंगवेलच्या हिशोबासकट. बऱ्याच जणांनी हसायच्या इमोजी टाकल्या.

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या एका पायात लहानपणापासून ताकद कमी आहे, तो कुबडी घेऊन चालतो. तो संध्याकाळी म्हणाला, "तुझ्या कमरेसाठी मी का चालू रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आता फॉर्ममध्ये दुरुस्ती पाठवलीय: एक कूलर जवळ, एक टोकाला, आणि खिडकीपाशी उभ्यानं काम करता येईल अशी दोन-तीन उंच टेबलं, कुणाच्याही नावावर नसलेली. बऱ्याच अंशी प्रॉपस्टचं १९६४ चंच. टेबलांबद्दल विचारणा आली आहे की त्यामुळे किती सीट कमी होतील. मी मोजून सांगितलं, चार. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

आलं की सांगतो. भेटू पुढच्या भागात.